वारली की मातीस? सहावीच्या वर्गातला निवाडा

जूनमध्ये चित्रकलेचं वार्षिक नियोजन भरताना 'कलावंत किंवा संस्कृतीवर आधारित प्रकल्प' हा रकाना आला की बरेच जण वारली लिहून मोकळे होतात. काही जण व्हॅन गॉगची तारांकित रात्र घेतात आणि पन्नास मुलं ऑइल पेस्टलने निळे भोवरे गिरवत बसतात. तो प्रकार मी दोनदा करून सोडला, त्याबद्दल एवढंच पुरे. खरा पेच पडतो तो वारली आणि फ्रेंच चित्रकार मातीसचं कागदी कातरकाम यांच्यात. पुण्यातल्या एका मराठी शाळेत, बावन्न मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मी दोन्ही करून घेतलं आहे. आधी मातीसबद्दल सांगतो, कारण माझा जीव आधी त्याच्यावरच जडला होता.

1941 मध्ये आँरी मातीसची पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचा बराच वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत जायचा. मदतनीस कागद रंगवून द्यायच्या आणि तो कात्रीनेच चित्र काढायचा. हे ऐकल्यावर मुलांना पहिली शंका येते ती 'सर, आधी पेन्सिलने काढायचं ना?' अशी. नाही म्हटलं की वर्ग गप्प. खोडरबरावर वाढलेली ही मुलं, न आखता कात्री घालायची म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येतो. पण दहा मिनिटांत हात सैल होतात. एका मुलीने पान कापलं आणि कापून उरलेला कागदही जपून ठेवला. त्यातल्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाली, 'हेपण पानच झालं की!' चित्रातली रिकामी जागा मी चार वर्षं फळ्यावर खडू झिजवून शिकवत होतो. तिला ती एका कात्रीत सापडली.

कागद मात्र बाजारचा घोटीव आणू नका. त्याच्या चकाकीने सगळी चित्रं वाढदिवसाच्या सजावटीसारखी दिसतात. साध्या ड्रॉइंग पेपरवर पोस्टर कलरचा सपाट हात मारून घ्या. त्यात एक तासिका जाते, जाऊ द्या.

आता माझं घोडं अडलं ते कुठे, तर पंख्यापाशी. हसू नका. मातीस कापलेले आकार लगेच चिकटवत नसे. ते भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, मग इकडचे तिकडे सरकवायचे, पुन्हा बघायचं. 1953 चा त्याचा 'गोगलगाय' जवळजवळ तीन मीटर लांबरुंद आहे, आणि त्यातले रंगीत तुकडे असे सरकवूनच जागेवर बसलेले आहेत. कापण्याइतकंच हे सरकवणंही महत्त्वाचं. आमच्या वर्गात चार पंखे आहेत. ते चालू ठेवले की पानं, मासे, चंद्र सगळे बाकाखाली. बंद केले की मार्च महिन्यात बावन्न मुलं घामाने निथळतात आणि शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात. मग मुलं शहाणपणाने वागतात, म्हणजे तुकडा कापला की लगेच फेविकॉल. सरकवून बघणं संपलं. घंटा झाली की उरलेले सुटे तुकडे वहीत जातात, पुढच्या आठवड्यात निम्मे हरवतात, आणि जे घरी जातात ते आईच्या हातचे होऊन परत येतात. इतक्या सफाईची वर्तुळं सहावीत कुणी कापत नाही.

वारलीची तक्रार उलटी आहे. ती मुलांना आधीच येते. कप, टी-शर्ट, सोसायटीचं फाटक, सगळीकडे पाहिलेली असते. त्यामुळे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच, कोपऱ्यात झोपडी, एक झाड अशी बावन्न चित्रं जमा होतात. मी आता तारप्यावर सरळ बंदी घालतो. आधी क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय दाखवून आणतो, मग सांगतो की आज शाळेत येताना जे पाहिलंत ते काढा. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी मासे धरायचं जाळंच कागदभर पसरून काढलं होतं, हे सांगितलं की मुलांना धीर येतो. लग्नातला देवचौक मात्र मी वर्गात काढून घेत नाही. पालघट देवीचा तो चौक सुवासिनींनी काढायचा असतो, त्याचा सजावटीचा नमुना करणं मला तरी रुचत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल.

दोन त्रिकोणांचं अंग, पण त्यात काय काय मावतं! एका मुलाने पर्वती चढणारी आजी काढली. वरचा त्रिकोण नुसता पुढे कलवला, हातात काठी दिली, आणि आजी दमलेली दिसायला लागली. चेहरा काढलाच नव्हता.

काम सोपं आहे. खाकी कागदावर गेरूत थोडा डिंक घालून हात द्यायचा. पुढच्या तासिकेला डिंक घातलेलं तांदळाचं पातळ वाटण घ्यायचं आणि बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या चोयांची टोकं चावून मऊ करायची (हा भाग मुलांना फार आवडतो). ओली असताना रेघ धड दिसतही नाही. मुलं 'सर, उमटलंच नाही' म्हणून ओरडतात आणि बघता बघता कागदावर पांढरी रेघ वर येते. घंटा कधीही होवो, सुटं काही राहत नाही. आणि पंखा लागला की उलट लवकर वाळतं.

तुमच्याकडे वीस-पंचवीस मुलं असतील, भिंतीवर टाचण्या लावायला बोर्ड असेल, सलग दोन तासिका मिळत असतील, तर मातीसच करा, मी अडवणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर कराच. तेव्हा पंखे बंद चालतात, आणि श्रावणात गेरू दोन-दोन दिवस वाळत नाही. पण वर्षात एकच प्रकल्प बसत असेल आणि वर्ग माझ्यासारखा गच्च असेल, तर डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या आधी वारली घ्यावी असं मला आपलं वाटतं.

एका तुकडीला अर्धा किलो तांदूळ रग्गड होतात. गेल्या वर्षी मी किलोभर भिजवले होते. डिंक घालायच्या आधीच मावशींनी निम्मं वाटण बाजूला काढलं, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत घावनं आली.