हीटरचा टायमर की साधं बटन?

डिझेल गाडी. सकाळी सेल्फ दणदणीत फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तरी इंजिन पकडत नाही. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. धूरच नसेल तर हीटर प्लगच्या (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे छोटे विजेचे प्लग) मागे लागू नका, लाईनमधली हवा नाहीतर पंपाचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बघा. सेल्फच रडत असेल तर बॅटरी आणि अर्थ. सगळ्या प्लगांना करंट देणारी पट्टी काढून, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून प्रत्येक प्लगच्या टोकाला टेकवून झालं असेल, चारही प्लग लॅम्प पेटवत असतील, तर प्रश्न करंट पोचवणाऱ्याचा आहे. मग वायरमन विचारतोच, "टायमर नवीन टाकू, की बटन देऊ?" टायमर म्हणजे प्लगला किती वेळ करंट द्यायचा ते आपलं आपण ठरवणारा डबा, बटन म्हणजे तो वेळ तुम्ही हाताने दाबून ठरवायचा.

माझ्या जुन्या पिकअपवर दोन्ही वापरून झालंय.

आधी टायमरच्या बाजूने. चावी फिरवली, दिवा विझायची वाट पाहिली, सेल्फ मारला, डोक्याला ताप नाही. काही टायमर इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ प्लग गरम ठेवतात, त्यामुळे सुरुवातीचा धूर आणि खडखड कमी होते. गाडी सोसायटीच्या आवारात लावत असाल तर पहाटे तळमजल्यावाले खिडक्या आपटत नाहीत, हा फायदा लहान नाही. शिवाय गाडीवर रोज नवा माणूस बसत असेल तर टायमरच बरा. बटन हातात आलं की काही ड्रायव्हर ते दाबून धरून फोनवर बोलत राहतात. स्वस्तातला प्लग असेल तर त्याचं टोक फुगतं, हेडमध्ये अडकतं, आणि काढताना तुटलं तर हेड उतरवावं लागतं.

आता मला ज्याने पिडलं ते. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा. तो प्लग गरम झाले म्हणून विझतो असं आपण धरून चालतो. माझ्या गाडीतला दिवा टायमरच्या आतल्या हिशोबाने लागायचा आणि विझायचा, प्लगपर्यंत करंट गेला की नाही याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेच आहे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने टायमरच्या जाड टर्मिनलवर हिरवा थर चढतो. वायर ओढून पाहिली तर घट्ट, वरून सगळं ठीक, आणि नट सोडवला की खाली पितळ दिसतच नाही. दिवा मात्र वेळेवर लागणार, वेळेवर विझणार. "हीटर चालू आहे" या समजुतीवर मी पंप, इंजेक्टर, सगळ्यांकडे संशयाने बघून घेतलं. बिघाड परवडतो, खोटा दिवा नाही परवडत.

बटनाच्या जोडणीत हा दिवा मी थेट प्लगच्या पट्टीवरून घेतला. पट्टीवर करंट असेल तरच तो पेटतो. एखादा प्लग मेला तर ते त्याला कळत नाही, पण केबिनचा बल्ब सांगतो. बटन दाबलं की तो चांगलाच मंद व्हायला हवा, नेहमीपेक्षा कमी मंद झाला की समजायचं, एखादा गेला. मीटर काढायची गरज मला क्वचितच पडते. असा दिवा टायमरलाही जोडता येतो, हे खरं. पण बिघाड कळल्यावर जुन्या मॉडेलचा टायमर शोधत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत फिरा, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुणाच्यातरी भंगार गाडीतला उचला, आणि तो किती दिवस काढेल ते देवाला माहीत. बटनामागे लागणारा सोलेनॉइड (जड करंट जोडणारा मोठा रिले) कुठल्याही वायरमनकडे मिळतो.

आणखी एक, जरा दबक्या आवाजात. इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद) उतरलं असेल तर कोमट असतानाही त्याला हीटर लागतो, आणि टायमरचा सेन्सर म्हणतो, गरज नाही. प्री-चेंबरचं इंजिन (ज्यात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं) तर मुंबईच्या 25 अंशांतही हीटर मागतं. बटन असेल तर इथे कमी, इगतपुरीला मुक्काम पडला तर जास्त, हे आपल्या हातात.

तेव्हा गाडी तुम्हीच चालवत असाल तर मी बटनाकडे झुकेन. तुमचा टायमर अजून नीट चालत असेल तर उगाच छेडू नका, टर्मिनल घासून व्हॅसलीन लावा आणि दिव्याची वायर पट्टीवर घ्या.

बटन बसवणारच असाल तर वायरमनला काही गोष्टी बजावा. चार प्लग मिळून सुरुवातीला 40 अँपिअरच्या वर सहज ओढतात, त्यामुळे हॉर्नचा रिले चालणार नाही, सतत करंट पेलणारा जड सोलेनॉइडच हवा, आणि बॅटरीपासून येणाऱ्या वायरीत फ्यूज हवाच. बटन दाबून धरायचंच असावं, चालू करून सोडून देण्याचा स्विच नको. आणि ते गिअरच्या बाजूला नको, क्लीनरचा गुडघा लागतो.