‘ट्रॅक अलाइनमेंट’च्या नावाखाली गंडा : प्रिंटआउट हिरवागार, टायरचा खांदा साफ

रेस ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून देतो म्हणायचं, एकही बोल्ट न हलवता रंगीत प्रिंटआउट हातात ठेवायचा आणि वर पैसे मोजून घ्यायचे, हा धंदा राजरोस चालू आहे. आमची गाडी त्यात सापडली. बिल साध्या अलाइनमेंटच्या साडेचार पट. बिलात चार ओळी : पुढचा कॅम्बर (चाक उभ्यापासून किती कललंय तो कोन, माथा आत म्हणजे उणे), पुढचा टो (चाकाची पुढची कड आत-बाहेर किती वळलीय ते), मागच्या चाकांचं ॲडजस्टमेंट, कॅस्टर स्वीप (स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून घेतलेली मोजणी). या चारांतली एकच गोष्ट खरोखर झाली, आणि तिनेच गॅरेजचं पितळ उघडं पाडलं.

गाडी पुढे स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), वर त्याचा माथा आत-बाहेर सरकवणाऱ्या कॅम्बर प्लेट बसवलेल्या, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा). मागणी स्पष्ट लिहून दिली होती : पुढे दोन्हीकडे कॅम्बर उणे २.८, टो एकूण १ मिमी बाहेर. स्ट्रटची गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर निघून जातो आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, येतो. म्हणून ट्रॅकसाठी पुढे उणे अडीच ते साडेतीन लागतोच. कंपनीच्या आकड्यांवर गाडी ट्रॅकवर नेली तर खांदा गेलाच म्हणून समजा.

प्रिंटआउटवरचे ‘आधी’चे आकडे : पुढचा कॅम्बर डावीकडे उणे १.२, उजवीकडे उणे १.०. मागे उणे १.९ आणि उणे १.१. ‘नंतर’चे : पुढे दोन्हीकडे उणे २.८, मागे दोन्हीकडे उणे १.५. सगळं कसं जुळलेलं, देखणं.

इथेच थांबायला हवं होतं. मागचा कॅम्बर बदललाच कसा? टॉर्शन बीमला मागे कॅम्बर किंवा टो फिरवायला काही नसतंच. स्टब ॲक्सल (चाकाचा आखूड आस) आणि बीम यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते, त्यासाठी चाक, ब्रेक, हब सगळं उतरवावं लागतं. मागचं एकही चाक गाडीवरून उतरलं नव्हतं. म्हणजे ‘आधी’चं रीडिंग रनआउट कॉम्पेन्सेशन (रिम आणि क्लॅम्पच्या वाकडेपणाची वजावट) न करता घेतलं, क्लॅम्प, म्हणजे यंत्राचे चाकाला धरणारे चिमटे, रिमवर वाकडे बसलेले असताना. मग क्लॅम्प नीट बसवले, गाडी मागेपुढे ढकलून कॉम्पेन्सेशन केलं आणि त्याच अवस्थेचं ‘नंतर’ छापलं. चाकं जिथल्या तिथे, फक्त मोजणी सुधारली. आणि त्याचे पैसे ‘मागच्या चाकांचं ॲडजस्टमेंट’ या ओळीखाली वसूल! ज्यांच्या गाडीला मागे बीम आहे त्यांनी ही ओळ बिलात दिसली की तिथल्या तिथे खोडायला लावा.

आता कोणी म्हणेल, एवढं कळतं तर पैसे दिलेच कशाला? अहो, प्रिंटआउट पैसे भरल्याशिवाय देतच नाहीत. स्क्रीनवर फक्त हिरवे चौकोन दाखवतात, आणि हिरवा म्हणजे डेटाबेसमधल्या टॉलरन्सच्या, म्हणजे चालून जाणाऱ्या फरकाच्या, आत, एवढंच. तो टॉलरन्स कुठल्या मॉडेलचा निवडलाय, की हाताने भरलाय, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. लिफ्टखाली उभं राहू देत नाहीत, ‘सेफ्टी’ म्हणे. मोठं यंत्र, चार कॅमेरे, भिंतीवर कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट. माणसाने विश्वास ठेवायचा तो आणखी कशावर?

पुढच्या चाकांची लबाडी जास्त बेरकी. तिथे कॉम्पेन्सेशन झाल्यावर क्लॅम्पचा एक पंजा किंचित उचलला की यंत्र हवा तो कॅम्बर दाखवतं, टोसुद्धा. पण सोबत कॅस्टर स्वीप केला, तोही ‘नंतर’चा, कारण त्याचे वेगळे पैसे लावायचे होते. स्वीपमध्ये स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून यंत्र किंगपिन कोन, म्हणजे एसएआय (स्टीअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन) मोजतं, आणि तो चाक वळतं त्या अक्षाच्या कलावरून येतो. क्लॅम्प तिरका असला तरी त्याला फारसा फरक पडत नाही. प्रिंटवर एसएआय आधी १३.४ आणि १३.६, नंतरही १३.४ आणि १३.६.

कॅम्बर प्लेटने स्ट्रटचं डोकं आत ढकललं की कॅम्बर जितका उणे होतो तितकाच एसएआय वाढतो, दोन्हींची बेरीज कायम राहते. डावीकडे कॅम्बर १.६ ने हलला असता तर एसएआय १५.० दिसायला हवा होता, उजवीकडे १.८ ने, म्हणजे १५.४. एसएआय जागचा हलला नाही, म्हणजे प्लेट हलल्या नाहीत. यंत्र खरं बोललं, माणूस खोटं. (कॅम्बर स्टीअरिंग नकलपाशी, म्हणजे खाली चाकाजवळ, एक्सेंट्रिक बोल्टने बदलला असेल तर मात्र एसएआय तसाच राहतो आणि बेरीज बदलते. तेव्हा आधी आपल्या गाडीत काय बसवलंय ते पाहा, मग भांडा.)

पडताळणी सोपी होती. प्लेटच्या चारही ॲलन बोल्टवर जुनी धूळ जशीच्या तशी. टो बदलायला फिरवतात त्या टाय रॉडच्या लॉकनटवर गंजाचा थर अखंड, कुठे पान्याचा ओरखडा नाही. डिजिटल कॅम्बर गेज रिमवर लावला : डावीकडे उणे १.२, उजवीकडे उणे १.१. दोरी लावून मोजलेला टो एकूण ३ मिमी आत. बाहेर नव्हे, आत! आणि टो-इन खातो तोही बाहेरचाच खांदा. कॅम्बर दीड अंशाहून जास्त हलवला की टो आपोआप बिघडतो, कोणत्या दिशेने ते रॅक (टाय रॉड ढकलणारा स्टीअरिंगचा दांडा) ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. म्हणजे टाय रॉडला हात न लावता कॅम्बर बदलला आणि टोही मागितलेल्या आकड्यावर आला, असा दावा कोणी करत असेल तर तो निव्वळ थापा मारतोय.

पुढच्या दोन टायरची खोली, नवे होते तेव्हा ५.५ मिमी. आता बाहेर ०.८, मध्ये ३.६, आत ४.१. पायरोमीटरची सुई रबरात खुपसून घेतलेलं तापमान, कूलडाउन लॅप न घेता, गाडी थेट पिटमध्ये आणून : बाहेर ९४, मध्ये ८६, आत ७९ अंश. कॅम्बर खरंच उणे २.८ असता तर आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम निघाली असती. इन्फ्रारेड गनचे आकडे पुरावा म्हणून देऊ नका, ती फक्त वरचा पापुद्रा वाचते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत थंड झालेला असतो.

गॅरेजचं उत्तर काय? ‘हवा कमी ठेवली असणार.’ हवा कमी असली तर दोन्ही कडा तापतात आणि मध्य थंड राहतो. इथे बाहेरून आत सरळ उतार आहे. हे सांगितल्यावर म्हणाले, बुश (सांध्यातले रबर) गेलेत, लोअर आर्मची जोडी बदला. चोराच्या उलट्या बोंबा!

तक्रारीची तर वेगळीच चित्तरकथा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने कळवलं, कॅलिब्रेशन मुदतीत आहे. अहो, यंत्राबद्दल तक्रारच नाही, क्लॅम्पला हात लावणाऱ्याबद्दल आहे! त्यावर ‘तो आमचा डीलर नाही’. टायरवाल्यांनी ‘ट्रॅक वापर’ हे दोन शब्द वाचले आणि फाइल मिटली. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगण्यात आलं, टायर ही झिजणारीच वस्तू, नुकसान सिद्ध करा. एसएआयचं गणित लिहून जोडलं तर म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ कोण चालेल? अधिकृत अलाइनमेंट सेंटर. म्हणजे ज्या जमातीने फसवलं तिच्याकडूनच सही आणायची! पोलिसांनी कागद वाचलासुद्धा नाही, दिवाणी बाब आहे म्हणून हात वर केले. प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीचं नाव सांगते आणि प्रत्येक ठिकाणी अर्जाच्या शेवटी तोच प्रश्न : गाडी रस्त्यावर चालवत होतात की ट्रॅकवर? जणू ट्रॅकवर नेली की फसवायची मुभाच मिळते. प्रिंटआउट थर्मल कागदावर असेल तर आधी फोटो काढा. अक्षरं उडून गेल्यावर मूळ प्रत मागतात आणि कोरा कागद पाहून हसतात.

गाडी नेण्याआधी कॅम्बर प्लेटचे बोल्ट, टाय रॉडचे लॉकनट आणि मागचे हब बोल्ट यांच्यावर पेंट मार्करने आडवी रेघ मारा, नटावरून शेजारच्या धातूवर जाणारी. रेघ तुटली नाही तर काम झालं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाची पोती ठेवायला लावा आणि चारही टायरची हवा आधी सारखी करा. टर्न प्लेटच्या, म्हणजे पुढच्या चाकांखालच्या फिरत्या चकत्यांच्या, पिना काढल्यात का ते बघा, पिना आत असताना टो आणि कॅम्बर दोन्ही अडकून राहतात. आकडे अंशात असतील तर १७ इंची रिमवर १ अंश म्हणजे साडेसात मिमी, हे लक्षात ठेवा. ‘०.३ ने काय होतंय’ म्हणणारा प्रत्येक चाकाला सव्वादोन मिमी सरकवून मोकळा होतो.

टो तर घरीच होतो. चार स्टँड, मासेमारीची दोरी, अर्ध्या मिमीची स्टील पट्टी. दोन्ही दोऱ्या हबच्या मध्यापासून डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर, पुढच्या-मागच्या ट्रॅकमधला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरातला, फरक धरून. टायरखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे, नाहीतर चाक जमिनीला धरून बसतं. रॉडची आटी १.५ मिमीची (एका पूर्ण फेऱ्यात तेवढा सरकणारी) आणि स्टीअरिंग आर्म साधारण १२० मिमीचा असेल तर टाय रॉड षटकोनाच्या एका बाजूइतका फिरवल्यावर १७ इंची रिमवर त्या चाकाचा टो जवळपास ०.९ मिमी बदलतो. रॅकच्या बूटची, म्हणजे रबरी आवरणाची, क्लिप आधी सैल करा, नाहीतर बूट पिळवटतो आणि फाटतो.

आणि गॅरेजमध्येच करून घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी एकच मागणी करा : पुढचे दोन्ही क्लॅम्प काढा, चाक अर्धा फेरा फिरवा, क्लॅम्प पुन्हा लावा, पुन्हा कॉम्पेन्सेशन करा आणि आमच्यासमोर पुन्हा वाचा. कॅम्बर ०.१ अंशाच्या आत परत आला तर बिल भरा. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. ‘त्याची गरज नसते साहेब’ असं उत्तर आलं तर चावी परत मागा.