शटडाउनच्या काळातले मदत केंद्र: दारात पुरावा न मागणारी सेवा

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारचा निधी संपला आणि १२ नोव्हेंबरला कामकाज पुन्हा सुरू होईपर्यंत ४३ दिवस गेले. त्या देशाच्या इतिहासातला तोवरचा हा सर्वांत लांबलेला शटडाउन होता. वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँडमध्ये, जेथे गल्लीतल्या अनेक घरांचा पगार फेडरल सरकारकडून किंवा त्याच्या कंत्राटदाराकडून येतो, तेथे या ४३ दिवसांची झळ थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. त्या काळात आमच्या काउंटीतील (जिल्ह्यातील) एका शाळेच्या आवारात स्थानिक स्वयंसेवकांनी चालवलेल्या मदत केंद्राविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. शेजारच्या एका कुटुंबाबरोबर मी तेथे जात असे आणि पुढे सामान उचलण्याच्या कामातही हातभार लावत असे, त्यामुळे या सेवेच्या दोन्ही बाजू मला जवळून पाहता आल्या.

या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आधी सांगतो. तेथे रांगेतल्या कोणाकडेही नोकरीचे ओळखपत्र मागितले जात नव्हते. पोस्टाचा पिनकोड आणि घरात किती माणसे आहेत, एवढेच विचारले जाई. ही बाब किरकोळ वाटेल, पण माझ्या मते मदतीची खरी कसोटी येथेच लागते. २०१९ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने फेडरल कर्मचाऱ्यांना शटडाउन संपल्यावर थकलेला पगार मिळण्याची हमी दिली. (या वेळी मध्यंतरी त्या हमीविषयीही व्हाइट हाउसकडून शंका उपस्थित केली गेली आणि लोकांची झोप उडाली, ते वेगळेच.) मात्र सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, पहारा देणारे, उपाहारगृहात पोळपाटापासून भांड्यांपर्यंत सगळे सांभाळणारे लोक कंत्राटदाराच्या नोकरीत असतात. इमारत बंद झाली की त्यांची मजुरी बुडते, आणि ती भरून देण्याची कोणतीही हमी कायद्यात नाही. माझ्या शेजारीणबाई याच वर्गातल्या. त्यांना घेऊन मी सुरुवातीला दुसऱ्या एका वाटपाच्या ठिकाणी गेलो होतो. तेथे फेडरल ओळखपत्र दाखवा, असा नियम होता आणि कंत्राटदार कंपनीचे कार्ड चालणार नाही असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. ज्यांचा पगार उशिरा का होईना पण मिळणार होता त्यांच्यासाठी दार उघडे, आणि ज्यांचा कायमचा बुडाला त्यांच्यासाठी बंद, हे पाहून मनस्वी दुःख झाले. शाळेतल्या केंद्राने हा भेद केला नाही, यासाठी त्याच्या चालकांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

शिध्याची गुणवत्ता चांगली होती. बटाटे, कांदे, कोबी, सफरचंदे, डब्यातला राजमा, तांदूळ, पीनट बटर, अंडी आणि दूध हे बहुतेक वेळा मिळत असे. गोठवलेली कोंबडी हवी की नको, हे आधी विचारले जाई आणि नको म्हणणाऱ्यांना त्याऐवजी डाळी किंवा चण्याचे डबे दिले जात. सुट्या भाज्या तळाशी दबून खराब होऊ नयेत म्हणून खोक्यात जड डबे खाली आणि अंड्यांची पेटी शेवटी हातात, अशी शिस्त स्वयंसेवकांनी लावून घेतली होती. गाडीची डिकी उघडायची, सामान ठेवले जायचे, गाडी पुढे जायची. रांगेत उभे राहून ओळखीच्यांच्या नजरेला नजर देण्याचा प्रसंग ज्यांना नको होता, त्यांची यामुळे मोठीच सोय झाली.

पण शिध्यापेक्षाही मला मोलाचे वाटले ते कोपऱ्यातले सल्ल्याचे टेबल. तेथे दोन निवृत्त सरकारी कर्मचारी लॅपटॉप घेऊन बसत आणि समोरच्या माणसाची नेमकी परिस्थिती विचारून घेत. सक्तीच्या बिनपगारी रजेवर, म्हणजे फर्लोवर, पाठवलेल्या कर्मचाऱ्याला बेकारी भत्ता मागता येतो. मेरीलँडमध्ये त्याची कमाल मर्यादा आठवड्याला ४३० डॉलर आहे. हा अर्ज राहत्या राज्यात नव्हे, तर सर्वसाधारणपणे शेवटचे अधिकृत कार्यस्थळ जेथे असेल तेथे करायचा असतो. घर मेरीलँडमध्ये आणि कचेरी वॉशिंग्टनमध्ये असलेले अनेक जण नेमके येथेच अडकत. थकलेला पगार हाती आल्यावर हा भत्ता परत करावा लागतो, हेही ते दोघे न विसरता सांगत, कारण ते न कळल्यास पुढे वसुलीची नोटीस येते आणि तेव्हा पैसे खर्च झालेले असतात. पगाराविना कामावर हजर राहावे लागणाऱ्यांना बहुधा हा भत्ताही मिळत नाही. त्यांच्यासाठी मेरीलँड राज्याने ७०० डॉलरचे बिनव्याजी कर्ज उपलब्ध करून दिले होते, आणि त्याचा अर्ज या टेबलावर बसल्या बसल्या भरून मिळत असे. घरमालकाला किंवा कर्ज देणाऱ्या बँकेला मुदत मागण्यासाठी फेडरल मनुष्यबळ कार्यालयाने तयार केलेल्या पत्रांचे नमुने छापून ठेवलेले होते. पगाराची शेवटची पावती जोडून असे पत्र वेळेत दिले तर निदान बोलणी सुरू होतात, हा त्यांचा सल्ला मला फार व्यवहारी वाटला.

ज्यांची गरज या केंद्राच्या आवाक्याबाहेरची होती, त्यांना २११ हा क्रमांक लावून दिला जाई. १९९७ साली अटलांटात युनायटेड वे या सेवाभावी संस्थेने सुरू केलेली आणि २००० साली देशभरासाठी हाच तीन आकडी क्रमांक ठरवून दिलेली ही मदतवाहिनी वीजबिल, भाडे, औषधे, मानसिक आधार अशा गोष्टींसाठी जवळची ठिकाणे सांगते. नुसता क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हातात न देता फोन जोडून, दुभाषा मिळेपर्यंत शेजारी बसून राहण्याची त्या स्वयंसेवकांची पद्धत मला विशेष आवडली.

नोव्हेंबर उजाडला आणि सगळे चित्र पालटले. देशभरात सुमारे ४.२ कोटी लोकांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी स्नॅप या फेडरल योजनेची रक्कम १ तारखेपासून अडकली. प्रकरण न्यायालयांत गेले, आणि मेरीलँडच्या गव्हर्नरांनी राज्याच्या तिजोरीतून ६.२ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले, तरी मधले दिवस लोकांनी काढायचे कसे हा प्रश्न होताच. फूड बँकेतून एक जेवण मिळते तेव्हा स्नॅपमधून नऊ मिळत असतात, असे फीडिंग अमेरिका ही संस्था नेहमी सांगते. त्या आठवड्यात त्याचा अर्थ डोळ्यांसमोर दिसला. शाळेच्या आवारातली रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि दुपार टळण्याच्या आत साठा संपला. केंद्राने खोकी लहान केली, पण उरलेल्यांची नावे घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांना आधी बोलावले. एवढ्या ताणातही कोणावर आवाज चढलेला मी ऐकला नाही. फेडरल कर्मचारी आणि स्नॅपवाले असे दोन गट करावेत, ही सूचना एका देणगीदाराने केली होती, ती चालकांनी मान्य केली नाही आणि ते योग्यच झाले.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सगळी व्यवस्था गाडी असलेल्यांसाठी आखलेली होती. बसने येणाऱ्याला दोन जड खोकी घेऊन थांब्यापर्यंत चालत जावे लागे. तान्ह्या बाळांसाठी डायपर अधूनमधून मिळत, बाळाचे दूध मात्र क्वचितच. भाड्यासाठी रोख मदत नव्हती, आणि खरे पाहता महिन्याच्या पहिल्या तारखेला बहुतेक घरांत हीच सर्वांत मोठी चिंता होती. शिध्यामुळे वाचलेले पैसे भाड्याकडे वळवता येतात, हे खरे असले तरी मेरीलँडच्या या भागातल्या भाड्यांपुढे ती बचत फारच तोकडी पडते.

माझी मुख्य तक्रार वेळेची आहे. वाटप सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेतच होत असे. विमानतळावर तपासणी करणारे कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक या काळात पगाराशिवाय पाळ्या करत होते. त्यांच्यापैकी सकाळच्या पाळीवाल्यांना येथे पोहोचणे शक्यच नव्हते. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सहानंतर वाटप ठेवावे आणि सल्ल्याचे टेबलही त्या वेळी चालू राहावे, अशी लेखी विनंती मी चालकांना केली आहे. पुढचा निधी पुन्हा अडला तर हे केंद्र पुन्हा उघडणार आहे, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळच्या वाटपाला सामान उतरवण्यासाठी माणसे लागतील, आणि त्यासाठी नावे नोंदवणे त्यांच्याकडे आतापासूनच सुरू आहे.