मुरुमांवरच्या प्रबंधासाठी प्राणी कोणता: सशाचा कान की उंदराचा?

बेलापूर-खारघरकडच्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.चे विषय ठरायला लागले की कडुलिंबाचं किंवा हळदीचं मुरुमांवरचं जेल कुणीतरी घेतंच. मग सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिताना अडतं ते औषध कुठल्या प्राण्यावर तपासायचं यापाशी. तुमचं औषध मुरुमाच्या कुठल्या टप्प्यावर काम करतं, हे आधी पक्कं करा. चोंदलेलं रंध्र, जास्तीचं तेल, जिवाणू आणि सूज, हे चारही माणसात जसं एकत्र येतं तसं प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कुठल्याच प्राण्यात येत नाही.

रंध्र मोकळं करणारं औषध असेल तर सशाचा कान घ्या. कानाच्या आतल्या बाजूला रोज ओलिक ॲसिड लावलं की दोनेक आठवड्यांत कॉमेडोन, म्हणजे चोंदलेल्या रंध्रांच्या गाठी, धरतात. एका कानाला औषध, दुसरा तुलनेला, त्यामुळे ससे कमी लागतात. मात्र हा कान भलताच हळवा असतो. सशाची रंध्रं चोंदवणारी कितीतरी द्रव्यं माणसाच्या चेहऱ्यावर काहीच करत नाहीत. शिवाय जिवाणूंमुळे येणारी सूज इथे तपासता येत नाही. रेटिनॉइडसाठी (अ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं) राइनो हा बिनकेसांचा, सुरकुतलेल्या कातडीचा उंदीर उत्तम, पण ती खास जात. साध्या प्राणिगृहात सहसा नसते.

कडुलिंब-हळदीसारख्या जिवाणू आणि सूज कमी करणाऱ्या जेलसाठी मी उंदराचा कानच सुचवेन. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या मुरुमांशी जोडलेल्या जिवाणूचे जिवंत नमुने कानाच्या त्वचेत टोचायचे आणि २४ तासांनी कानाची जाडी मोजायची. चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहाकडचा १९५१ क्रमांकाचा स्ट्रेन (वाण) आपल्याकडे बरेच जण वापरतात. हा जिवाणू ऑक्सिजनशिवाय वाढतो, तेव्हा ॲनएरोबिक जार (आत ऑक्सिजन नसलेली बरणी) आहे का, ते आधी बघा. खरी कसोटी हाताची. २० मायक्रोलिटर नीट त्वचेतच गेलं तर लगेच पांढुरका फुगा दिसतो. नाही दिसला तर सुई खोल गेली, तो कान मोजणीत धरू नका. जाडीही दर वेळी एकाच जागी मोजा. उंदराच्या सीबममध्ये (त्वचेच्या तेलात) ट्रायग्लिसराइड ही चरबी फार कमी असल्याने हा जिवाणू तिथे घर करत नाही, म्हणून हे मॉडेल मुरुमाचं नाही, मुरुमातल्या सुजेचं. प्रबंधाच्या नावातही तसंच लिहा.

हॅमस्टरचं काम मर्यादित. त्याच्या कुशीवरची तेलग्रंथी अँड्रोजेनवर (पुरुषी हार्मोनवर) वाढते, त्यामुळे हार्मोनविरोधी औषध असेल तरच तो घ्यावा.

यातलं काहीही निवडलं तरी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची) मंजुरी हातात आल्याशिवाय एकही प्राणी मागवू नका. त्या मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बीमध्ये, प्राण्यांची संख्या कशी ठरवली ते नीट मांडावं लागतं. ‘प्रत्येक गटात सहा’ एवढं पुरत नाही, आणि पुरूही नये, कारण शेवटी ते जीव आहेत. तुमचं जेल औषध नसून फेसवॉश किंवा क्रीम म्हणून विकायचं असेल तर प्राण्यांवरची चाचणी विसरा: सौंदर्यप्रसाधनांसाठी ती भारतात २०१४ पासून बंद आहे. तिथे एसझेड९५ सारख्या मानवी तेलग्रंथींच्या पेशींवर काम करता येतं.