बडोद्याची अंगणवाडी: तीन वर्षांच्या मुलाला तिथे घालावं का?

दांडिया बाजार, वाडी, नवापुरा इथल्या मराठी घरांत मूल तीनचं झालं की नर्सरीच्या फीची चौकशी सुरू होते. गल्लीतलं नंदघर, म्हणजे अंगणवाडी, कोणी विचारात घेत नाही. ती खिचडी वाटायची जागा, असा समज पक्का आहे. वाईट याचं वाटतं, की अंगणवाडीची कल्पना रुजवणाऱ्या ताराबाई मोडक आपल्याच, आणि बोर्डीला जाण्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर घडलेल्या. घालावं का, याचं उत्तर हो असं आहे. फक्त केंद्र आधी डोळ्यांनी बघून घ्या.

फी नाही आणि नाव वर्षभरात कधीही घालता येतं. मुलाचा जन्मदाखला, आधार, ममता कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद) आणि चालू मोबाइल नंबर घेऊन जा. कार्यकर बेननी, म्हणजे अंगणवाडी सेविकेने, नाव 'पोषण ट्रॅकर' या सरकारी नोंदणी अ‍ॅपवर चढवलं का, हे तिथेच विचारा. नुसतं वहीत लिहिलेलं नाव पुढे अडचणीचं ठरतं. गुजरातेत खासगी शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मोफत जागा पहिलीपासून भरतात. मध्य प्रदेशात त्या नर्सरीपासून असतात, म्हणून नर्सरीतच घालण्याचा इंदूरच्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू होत नाही. मात्र सरकारी अंगणवाडीत दोन वर्षं काढलेल्या मुलाला इथे आरटीईच्या पहिलीच्या प्रवेशात अग्रक्रमाचा गट आहे, आणि त्यासाठी ही नोंदच दाखवावी लागते.

खाण्याची बाजू ठीक. तीन ते सहा वयाच्या मुलाला वर्षातून ३०० दिवस आहार, असा नियम आहे; २०२३ पर्यंत त्याचं प्रमाण दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं. त्यासाठी मुलामागे रोजचा दर २०१७ मध्ये ६ रुपयांवरून ८ रुपये झाला. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. एवढ्या पैशांत डाळ दाट राहत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही कळेल. ताटातलं वरण पातळ दिसलं तर तेडागर बेनवर, म्हणजे मदतनीस बाईंवर, चिडू नका.

वजन-उंचीकडे मात्र लक्ष द्या, कारण मूल कुपोषित आहे की नाही ते त्यावरून ठरतं. उंची मोजताना बूट काढलेले, टाचा फळीला टेकलेल्या, गुडघे सरळ आणि नजर समोर हवी. केसांचा अंबाडा किंवा मोठी क्लिप वरच्या पट्टीखाली राहिली तर उंची सेंटिमीटरभर जास्त लागते, आणि उंचीच्या मानाने वजन कमी दिसून चांगलं मूलही खालच्या गटात जाऊ शकतं. काट्यावर चढवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, तेही बघा.

खरी परीक्षा शिकवण्याची. 'आधारशिला' हा तीन ते सहा वयासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०२४ मध्ये आला आणि त्याची आखणी ४८ आठवड्यांची आहे: पहिले ४ रुळण्याचे, ३६ खेळातून शिकण्याचे, शेवटचे ८ पक्कं करण्याचे. चांगल्या केंद्रात मुलं गटागटाने बसलेली दिसतात. कोणी मोठे मणी ओवतंय, कोणी राजमा आणि चणे वेगळे करतंय. तीन वर्षांच्या बोटांना चिमटीची ताकद अशीच येते. जिथे सगळ्यांच्या हातात पाटी देऊन कक्को (गुजराती मुळाक्षरं) गिरवून घेतात, तिथे सावध व्हा. आणि घरी "अजून लिहायला शिकवलं नाही?" असं विचारणं आपणही थांबवू या, कारण गिरवणं बहुतेक वेळा पालकांच्या आग्रहानेच सुरू होतं.

खेळाचे तास बुडतात ते बेनच्या आळसामुळे नव्हे. एक कार्यकर आणि एक तेडागर. त्यांच्याच माथी ट्रॅकरवरच्या नोंदी, बालशक्तीची (तीन वर्षांखालच्या मुलांच्या पूरक आहाराची) पाकिटं वाटताना लाभार्थ्याचा चेहरा जुळवणं, ममता दिवशीचं लसीकरण आणि वरून आलेली सर्वेक्षणं. नेटवर्क गेलं की चेहरा जुळत नाही, आया ताटकळतात आणि आत मुलं नुसती बसून राहतात. शालेय पूर्वशिक्षणाच्या साहित्यासाठी केंद्राला वर्षाला ५००० रुपये असं प्रमाण आहे. मुलं २५ धरली तर एकामागे २०० रुपये, म्हणजे खडू आणि ठोकळ्यांचा एक बऱ्यापैकी संच. इथे पैसा वाढला पाहिजे, आणि शिकवण्यापुरतं एक माणूस वेगळं मिळालं पाहिजे. त्याआधी इमारती रंगवून फार काही साधणार नाही.

केंद्र बघायला ममता दिवस, बहुधा बुधवार, टाळून जा. अर्धा तास दाराशी उभे राहा. बेन मुलाशी गुजरातीत बोलतील. घरी मराठी असलेलं मूल सुरुवातीला गप्प राहतं, त्याने घाबरून लगेच काढून घेऊ नका. एक जूनला पाच वर्षं पूर्ण झाली की पुढचं वर्ष सरकारी शाळेतल्या बालवाटिकेत, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात. तिकडे जाताना अंगणवाडीचा दाखला आणि ट्रॅकरवरच्या नोंदीची प्रत आधीच मागून ठेवा.