छाप एसटीएम३२ची, आत भलतीच चिप

आयसीवर एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स (एसटी) कंपनीचा लोगो, खाली ‘एसटीएम३२एफ१०३सी८टी६’ हे मायक्रोकंट्रोलरचं नाव, शेवटी तारखेचा कोड. शेन्झेनच्या हुआचियांगबेई बाजारातून व्यापाऱ्यामार्फत आलेलं आयसींचं रीळ वरून अगदी नीट दिसतं, आणि आत दुसऱ्याच कंपनीची चिप निघते. हे कळतं ते माल बोर्डांवर बसल्यावर. तोवर पैसे गेलेले असतात, कस्टम ड्यूटी भरून झालेली असते.

फसवणूक नमुन्यापासून सुरू होते. नमुन्याचे दहा नग अस्सल येतात. त्या भरवशावर हजाराची ऑर्डर जाते, आगाऊ रक्कम टीटीने (थेट बँक हस्तांतराने), आणि ‘कमिशन वाचेल’ म्हणून ऑनलाइन खरेदीच्या प्लॅटफॉर्मच्या बाहेर. तिथेच परताव्याचा मार्ग बंद होतो. दर कमी असला की संशय घ्या हे खरं, पण २०२१च्या टंचाईत बनावट आयसीसुद्धा चढ्या भावाने विकल्या गेल्या. महाग म्हणजे अस्सल, असं धरून चालू नका.

खोटा माल दोन प्रकारचा. एक, ई-कचऱ्यातून काढलेली जुनी आयसी: वरची छाप घासून, काळा लेप देऊन नवी छाप मारलेली. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन वरचा भाग चोळा. काडी काळी झाली तर लेप आहे. न झाली तरी निर्धास्त होऊ नका, काही लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत. मग पिन १ जवळचा गोल खळगा भिंगाखाली बघा. घासलेल्या आयसीत तो उथळ होतो किंवा लेपाने भरतो. पिनांवर जुनं सोल्डर दिसलं तर प्रश्नच मिटला.

दुसरा प्रकार जास्त फसवा: चिप नवी, पण क्लोन, म्हणजे दुसऱ्याने केलेली नक्कल. एसटी-लिंक (चिपला संगणकाशी जोडणारं उपकरण) लावून ओपनओसीडी हे डीबगिंगचं सॉफ्टवेअर चालवा. अस्सल एफ१०३ हेक्समध्ये १बीए०१४७७ हा आयडीकोड (चिपचा ओळख क्रमांक) देते. बऱ्याच क्लोनचा २बीए०१४७७ येतो आणि ओपनओसीडी अडून बसतं. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो, की कॉन्फिग फाइलमधला अपेक्षित आकडा बदला. कृपा करून तेवढ्यावर थांबू नका. प्रोग्रॅम चढेल, पण एडीसीचं (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचं) रीडिंग हलणं किंवा झोपेत, म्हणजे स्टँडबायमध्ये, जास्त करंट खाणं ग्राहकाच्या दारी उघड होईल. अस्सल चिप स्टँडबायमध्ये जेमतेम २ मायक्रोअँपच्या आसपास घेते. मोजताना बोर्डावरचा एलईडी आणि रेग्युलेटर वगळा. आयडीकोड बरोबर आला तरी चिप अस्सल असल्याची ती खात्री नव्हे.

ब्लू पिल या एफ१०३च्या स्वस्त बोर्डावर यूएसबी चालत नसेल तर मात्र आधी आर१० हा रेझिस्टर तपासा. तिथे १.५ किलोओम हवा असताना कित्येक बोर्डांवर १० किलोओम असतो. त्याला समांतर १.८ किलोओम लावला की काम होतं. त्यात चिपचा दोष नाही.

चिनी चिप म्हणजे खोटी, असंही आमचं म्हणणं नाही. बीजिंगची गिगाडिव्हाइस कंपनी जीडी३२एफ१०३ ही एफ१०३सारखी चिप स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डेटाशीटसह विकते; ती १०८ मेगाहर्ट्झवर चालते, एसटीची ७२वर. जीडी३२ हवी असेल तर त्याच नावाने घ्या आणि फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्रॅम) तिच्यावर तपासा. छाप बदलली की टायमिंगचा हा सगळा फरक तुमच्यापासून लपवला जातो. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आरएल या यूएसबी-सिरीयल चिपच्या बनावट मालाचंही तेच झालं. २०१४मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने अशा चिपचा प्रॉडक्ट आयडी (संगणक ज्यावरून चिप ओळखतो तो क्रमांक) शून्य केला आणि ज्यांनी काही न कळता बोर्ड घेतले होते त्यांचेच बोर्ड बंद पडले. स्वस्त यूएसबी-सिरीयल हवं तर नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० उघडपणे घ्यावी.

माल आला की पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलचा आणि आयसीवरच्या कोडचा फोटो ठेवा. तक्रारीची मुदत संपायच्या आत तपासणी उरका. आणि रिळाच्या टोकाचे नग तपासून भागत नाही, तिथे मुद्दाम अस्सल लावलेले असू शकतात; मधूनही काढून बघा.