उजनीत तरंगते पिंजरे: पावसाळा ते उन्हाळा वापरून

इंदापूरच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यात आम्ही मासे वाढवायला एचडीपीईचे (टणक प्लॅस्टिकचे) तरंगते पिंजरे लावले. सहा बाय चार मीटरचे, जाळं चार मीटर खोल, आत चिलापी (तिलापिया मासा). सांगाड्याबद्दल तक्रार नाही. वाऱ्याच्या लाटा खाऊनही फ्लोट तडकले नाहीत, फिरायची फळी अजून घट्ट आहे. पण माल किती निघणार हे सांगाडा नाही, पाणी ठरवतं.

जागा निवडताना श्रावणातलं भरलेलं धरण बघूच नका. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठ्यावर आली, की पाणी झपाट्याने मागे सरतं. जाळ्याचा तळ गाळाच्या जवळ आला की खालची घाण आणि उरलेलं खाद्य तिथेच कुजतं. मे महिन्यातही जाळ्याखाली दोन-तीन मीटर पाणी राहील अशी जागा भीमेच्या जुन्या पात्राकडेच मिळते. काठापासून लांब पडते, होडीला डिझेल जातं, तरी तीच धरा.

खरी लढाई शेवाळाशी. पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी इथेच येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. जाळं वर ओढलं की आस (जाळ्याची भोकं) बुळबुळीत थराने बुजलेले दिसतात, त्यातून पाणी खेळणार कसं? बारीक आसाचं जाळं तर फार लवकर बुजतं. म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढली की लगेच मोठ्या आसाचं जाळं लावा आणि बदलायला एक जोड कायम जवळ ठेवा.

हेच हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री ओढून घेतं. पहाटे चिलापी वर येऊन तोंडं उघडझाप करू लागली, तर सकाळचं खाद्य थांबवा. ढगाळ हवेत जास्तच जपा. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन जाऊ नये. ऑक्सिजन मोजायचा मीटर महाग वाटतो, पण घ्याच.

निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा. आम्ही २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य वापरतो. थंडीत मासा कमी खातो, तेव्हा भूक बघूनच टाकायचं. पाणकावळ्यांसाठी वरून जाळी हवीच.

अनुदानाचं म्हणाल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आणि प्रतवारी, म्हणजे लहान-मोठे मासे वेगळे करणं, टाळू नका. मोठी चिलापी खाद्यावर आधी तुटून पडते, लहान उपाशी राहते, मग भिगवणच्या बाजारात मिसळ मालाला भाव पडून मिळतो.